उठल्यापासून बसेपर्यंत

विशाखा सहा महिन्यांची होती आणि तिला हेलिकॉप्टरच्या आवाजात झोप लागायची. आवाज थांबला की मात्र दचकून उठायची. इतर पोरांना अंगाई लागते, हिला मशीन लागतं, चतुराबाई म्हणायची. बापाच्या धंद्यावरच गेली पोरगी.

बाप म्हणजे जानराव. हवाई दलात नऊ वर्षं मेकॅनिक म्हणून काढून आलेला आणि आता पराटीवर, म्हणजे कपाशीवर, औषध फवारणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीत लागलेला. कंपनीचं एक हेलिकॉप्टर पोळा झाला की वऱ्हाडात यायचं आणि दिवाळी उलटेपर्यंत अकोटाच्या आसपासच्या शिवारांत फिरायचं. आठ दिवस या गावाला, आठ दिवस पुढच्या. ते चालवणारा गयासुद्दीन परतवाड्याच्या एका लाकूडवाल्याचा मुलगा. जिथं जाई तिथं लोक त्याला कप्तान म्हणत आणि पोरं जीपमागे धावत. कारभार पाहायला किसनराव मॅनेजर. आणि पाणी भरायला सहा बाया, त्यातली एक जानरावाची बायको चतुराबाई.

या सहाही जणी बौद्धपुऱ्यातल्या. औषधाच्या पिपाजवळ दुसरं कोणी फिरकतच नसे. वासानं डोकं धरायचं, शिंतोडा उडाला तर कातडीला चरचरायचं. पहिल्या गावातल्या बाया नाकाला पदर लावून तासाभरात घरी गेल्या, तेव्हा किसनरावानं या सहा जणींना बोलावून घेतलं आणि मग हंगामभर सोबतच ठेवलं. एरवी ज्या विहिरींवर त्यांना कोणी चढू दिलं नसतं, तिथं त्या आता दिवसाला दोनशे गुंड, म्हणजे हंडे, पाणी ओढत होत्या आणि कोणी ब्र काढत नव्हतं. पराटीची बोंडं खाणाऱ्या आळीनं सगळ्यांचीच बोलती बंद केली होती.

काम असं चालायचं. हेलिकॉप्टर चुन्यानं आखलेल्या गोलात उतरायचं. इंजिन बंद करायचं नाही. डोक्यावर पाती फिरत असतानाच पिपातलं कालवलेलं औषध हातपंपानं त्याच्या टाकीत भरायचं, की ते पुन्हा उठायचं. ते पराटीवर जाऊन येईपर्यंत बायांनी पुढचं पाणी आणून पिपात ओतायचं. चतुराबाईनं त्यातूनही आपला वेळ चोरला होता. तिच्या वाट्याचे गुंड ती भराभर आणून टाकी, आणि हेलिकॉप्टर उठलं की वाऱ्याच्या वरच्या बाजूला लिंबाखाली बांधलेल्या झोळीकडे पळे. हात राखेनं घासून धुवायचे, पोरीला मांडीवर घ्यायचं, पदर ओढायचा. ते परत येताना दिसलं की पोरीला झोळीत टाकायचं आणि पुन्हा गुंड उचलायचा. दिवसातून एवढंच तिचं स्वतःचं. त्या घटकेत पोरीच्या कपाळावरचं जावळ, मुठीत धरलेली गळ्यातली पोत, घोट घेताना कानापाशी हलणारी ती बारीकशी शीर, सगळं पाहून घ्यायचं.

कार्तिकातल्या त्या दिवशी सकाळचं काम उरकून गयासुद्दीन जीपनं अकोटला मावशीकडे जेवायला गेला होता. वारा सुटला की फवारणी बंद, ती चारपर्यंत. जानराव लिंबाखाली मशीनच्या तासांच्या नोंदीचं पुस्तक घेऊन बसला. बेरीज तो करायचा पण पडताळायला चतुराबाईला द्यायचा. ती चौथी शिकलेली आणि आकड्याला त्याच्याहून पक्की.

या पुस्तकात एक रकाना पात्यांचा होता. वरची ती दोन लांब पाती उडताना हजार तास फिरली की काढायचीच, मग ती कितीही चांगली दिसोत. ज्यांनी मशीन बनवलं त्यांचाच तसा नियम. नवी पाती मुंबईच्या गोदीतून निघायची होती. रकान्यात आज नऊशे अठ्ठावन्न तास भरले होते. हंगाम संपायला बेचाळीस तास पुष्कळ झाले.

चतुराबाई बोट ठेवत वाचत गेली. तारीख, टाक्या तीस, तास दोन. तारीख, टाक्या पंचेचाळीस, तास तीन. मध्येच थांबली.

"अवो, म्हंजे एका टाकीले चार मिनिटं?"

"हो. उठल्यापासून बसेपर्यंत."

"चार मिनिटात त्याचं येनं-जानं होत नाई."

"तुह्यापाशी घड्याळ हाय का?"

"पोरगी हाय," ती म्हणाली.

तिनं हळू आवाजात सांगितलं. पोरगी एका बाजूला किती वेळ पिते ते तिला झोपेतही समजतं. हेलिकॉप्टर उठतं तेव्हा पोरीला घेते, आणि दुसऱ्या बाजूला लावून थोडं झालं की ते परत येतं. रोज. एका बाजूलाच पाच मिनिटं तर नक्की जातात, मग हे चार कुठून आले? जानराव ऐकता ऐकता हसला, आणि हसू अर्ध्यातच राहिलं.

त्यानं पुस्तकाच्या मागच्या खिशातल्या चिठ्ठ्या काढल्या. कामावरून उतरलं की गयासुद्दीन एक छापील चिठ्ठी भरून द्यायचा आणि जानराव तीवरचे तास पुस्तकात उतरवायचा. हंगामाच्या पहिल्या दिवसापासून उतरवत आला होता. चिठ्ठीच्या माथ्यावर काय छापलंय ते त्यानं आज पहिल्यांदा नीट वाचलं. फवारणीचा वेळ. म्हणजे औषधाचा नळ उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा. एकरांचा हिशेब करायला कंपनीला तेवढाच वेळ लागायचा. गोलातून उठून वावरापर्यंत जायचं, प्रत्येक ओळीच्या शेवटी वळायचं, परत यायचं, हे कशातच धरलेलं नव्हतं.

त्यानं पेन्सिल घेतली. यंदाच्या टाक्या चौदाशे. टाकीमागे अडीच मिनिटं सुटली असं धरलं तर अठ्ठावन्न तास. नऊशे अठ्ठावन्नात अठ्ठावन्न मिळवले.

"हजारावर सोळा," चतुराबाई म्हणाली. त्याच्याआधी तिचीच बेरीज झाली होती.

"गेल्या सालचं तर धरलंच नाई अजून."

समोर गोलात हेलिकॉप्टर उभं होतं. पाती उन्हात चकाकत होती. जानरावानं सकाळीच ती पुसली होती, बोट फिरवून पाहिली होती, आणि पुस्तकात आजच्या दिवसाची सही केली होती. प्रत्येक पानाखाली त्याचीच सही. चतुराबाईला वाटलं, आपण बोललोच नसतो तर. मग डोळ्यांपुढे आलं, की पाती आकाशात आहेत आणि त्यांच्याखाली मावशीच्या घरून जेवून आलेला एक अठ्ठावीस वर्षांचा पोरगा बसलाय.

तिनं विचारलं, की पातं तुटायच्या आधी काही दिसतं का, आवाज करतं का. जानराव म्हणाला, लोखंडाची तार आपण मागेपुढे वाकवतो, वाकवतो, आणि ती एकदम तुटते. आदल्या वेळेला ती काही सांगते का? म्हणूनच तास मोजायचे. दुसरं काही मोजायला नाही.

पण आधी घड्याळावर पाहून घेऊ, तो म्हणाला. अडीच मिनिटं हा शेवटी अंदाज होता आणि अंदाजावर मशीन बंद करता येत नाही. कप्तानाला आल्याबरोबर गाठायचं असं ठरलं.

गाठता आलं नाही. जीप चारला आली ती थेट गोलापर्यंत. किसनरावानं वाटेतच गयासुद्दीनला सांगून ठेवलं होतं, की शेतमालकीण माणिकबाईच्या वीस एकरांचं सकाळी सुरू केलेलं काम आज उरकायचं, उद्या मुक्काम हलतो. जानराव पेट्रोलच्या पिपाआडून धावत येईतो पाती फिरायला लागली होती. त्यानं हात वर केला. गयासुद्दीननंही हसून हात वर केला आणि मशीन उठलं.

जानराव तिथंच घड्याळ धरून उभा राहिला. पहिली टाकी साडेसहा मिनिटं. दुसरी पावणेसात.

तो किसनरावाकडे गेला तेव्हा चतुराबाई जवळच गुंड रिकामा करत होती. मशीनच्या आवाजात निम्मंच ऐकू आलं. जानराव पुस्तक उघडून दाखवत होता. किसनराव आधी समजुतीनं बोलला, मग बोट पुस्तकावर आपटत बोलला. पुस्तकात नऊशे अठ्ठावन्न आहे का, आहे. खाली सही कोणाची आहे, तुझी. ती खोटी असेल तर पहिल्यांदा नोकरी कोणाची जाते? पंधरा टाक्यांचं काम उरलंय. रात्री मुंबईला फोन करू, उद्या पाहू.

"पंधरा टाक्यांनी काय होते, जानराव? दोन साल काई झालं नाई ते आज होते का?"

जानराव वळला आणि उतरत्या मशीनकडे चालत गेला. पात्यांखाली वाकून ओरडला. गयासुद्दीनच्या कानावर मोठे कानपट्टे होते. त्याला वाटलं हा टाकीचं झाकण लागलं म्हणून सांगतोय. त्यानं अंगठा दाखवला. किसनराव मागून आला, जानरावाच्या दंडाला धरून त्याला बाजूला घेतलं, आणि मशीन पुन्हा गेलं.

चतुराबाईनं हातातला गुंड खाली ठेवला.

भागीरथा तिच्या मागून येत होती. वयानं सगळ्यांत मोठी, तोंडानंही. "का वं, पाय मोडले का? कप्तान येऊन राहिला, पीप रिकामं पडन."

"पडू दे," चतुराबाई म्हणाली. "पानी नाई द्याचं, आत्याबाई."

तिनं जमेल तसं सांगितलं. पात्यांचं आयुष्य सरलंय, मॅनेजर ऐकत नाही, कप्तानाला ऐकू जात नाही. आपण पाणी दिलं नाही तर त्याला मशीन बंद करावंच लागेल. बाया उभ्या राहिल्या. एकीनं म्हटलं, उद्यापासून मग आपण घरी. दुसरी म्हणाली, घरी तर घरी, पण पडलं तर इथंच आपल्या डोक्यावर पडणार. भागीरथेनं आपला भरलेला गुंड डोक्यावरून उतरवला, पदरानं मान पुसली, आणि धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, अशी बसली जशी काही ती दिवसभर तिथंच बसली होती. मग बाकीच्याही बसल्या.

पिपात मात्र एका टाकीपुरतं औषध कालवलेलं शिल्लक होतं. ते चतुराबाईला ठाऊक होतं. सांडून द्यावं तर उतार विहिरीकडे होता. मशीन आलं, पंप मारणाऱ्या गड्यानं तेवढं भरलं, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत उठलं.

ही एक फेरी तिला थांबवता आली नाही.

ती झोळीकडे गेली नाही. धुऱ्यावर उभी राहून पाहत राहिली. मशीन पराटीच्या वर हातभर, पांढरा धूर सोडत, पलीकडच्या बाभळींपर्यंत गेलं. तिथं वर उचललं, अंगावर कललं, वळलं. वळताना आवाज बदलायचा. पाती हवेला फटके मारल्यासारखी वाजायची. हंगामभर ऐकलेला तो आवाज ती आज पहिल्यांदा कान देऊन ऐकत होती. एक वळण. दुसरं. तिसऱ्या वळणाला ते बाभळींच्या मागे खाली गेलं आणि दिसेना. तिनं लुगड्याचा काठ मुठीत धरला. शेजारी भागीरथाही उठून उभी राहिली होती. मागे जानराव घड्याळाकडे न पाहता आकाशाकडे पाहत होता. सकाळी या माणसानं सही केली आहे, तिच्या मनात आलं. ते आता परत आलं नाही तर हा पुन्हा कधी झोपणार नाही.

मग बाभळींवरून मशीनचा काचेचा गोळा वर आला.

मशीन गोलात बसलं. गड्यानं पंप मारला. नळीनं फसफस केलं आणि हवा ओकली. पीप कोरडं होतं. गयासुद्दीननं मान वळवून पाहिलं. सहा गुंड ओळीनं धुऱ्यावर, सहा बाया त्यांच्यामागे. किसनराव हात हलवत बायांकडे धावला, काहीबाही बोलला. एकही हलली नाही. त्यानं माणिकबाईच्या गड्यांना हाका मारल्या. त्यांनी पिपाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि बैलांची वैरण आठवल्यासारखे गोठ्याकडे निघून गेले.

मशीन जागच्या जागी घरघरत राहिलं. किती वेळ, ते तिनं मोजलं नाही. शेवटी गयासुद्दीननं हात वर नेऊन काहीतरी दाबलं. इंजिन थांबलं, पाती हळू झाली, आणखी हळू, आणि उभी राहिली. शिवारात एकदम इतकी शांतता झाली की विशाखा झोळीत रडायला लागली.

चतुराबाईनं तिला कडेवर घेतलं. तोवर गयासुद्दीन कानपट्टे गळ्यात अडकवून खाली उतरला होता आणि पाण्याचं काय झालं म्हणून विचारत होता. जानरावानं त्याला सगळं सांगितलं. पुस्तक, चिठ्ठ्या, साडेसहा, पावणेसात, हजारावर सोळा. गयासुद्दीनचा चेहरा उतरला आणि मग ताठ झाला. आपली चिठ्ठी कोणी खोटी म्हणतंय, एवढंच त्याला आधी ऐकू आलं असावं.

किसनराव मध्ये पडला. आज वारा उलटा आहे, वावर लांब आहे, आजच्या दोन-तीन टाक्यांवरून सालभराची बेरीज कशी करता?

"तेही बरोबर हाय," गयासुद्दीन म्हणाला. "सालभर कोनं मोजलं, जानराव?"

जानराव खाली पाहू लागला. चार माणसांत हे त्याच्या तोंडून निघणार नव्हतं. माणिकबाई उभी होती, पंपाचा गडी होता, जीपचा ड्रायव्हर होता. चतुराबाईचे कान तापले. पोरगी खांद्याला तोंड घासत होती.

"मी मोजलं," ती म्हणाली. "पोरीले पाजून."

तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तुमी उठले की पोरगी माह्या मांडीवर, तुमी दिसले की झोळीत. भादव्यापासून असंच हाय, भाऊ. कोनतंबी गाव असो, कसाबी वारा असो. तिची एक बाजू पुरी होऊन दुसरी थोडी होते तवा तुमी येता. चार मिनिटात तिची एक बाजू बी होत नाई."

किसनराव हसला. "घ्या. आता बाईच्या दुधावर मशीन चालवाचं."

गयासुद्दीन हसला नाही. तो आपल्या बुटांकडे पाहत होता. खिशातून त्यानं कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, वरच्या छापील ओळीवर अंगठा ठेवला आणि ती वाचली.

"फवारनीचा येळ म्हनून छापलं हाय," तो म्हणाला. "मी नळ चालू ते नळ बंद लिहत गेलो."

"अन् मी तेच पुस्तकात उतरवत गेलो," जानराव म्हणाला. "पात्याले काय मालूम, खाली पराटी हाय का पडीत हाय? ते फिरलं म्हंजे फिरलं."

माणिकबाई आता पुढं आली. तिचे अकरा एकर झाले होते, नऊ राहिले होते. आळी तुमच्या बेरजेसाठी थांबते का, तिनं विचारलं. झालेल्या वावरातून पळून ती राहिलेल्यातच येणार. ते खरंच होतं. किसनरावाला जोर आला. तो म्हणाला, मी अकोटला जाऊन मुंबईला फोन लावतो, मोठ्या साहेबाशीच बोलतो, तासाभरात येतो. तोवर पाणी भरून ठेवा. जीप धूळ उडवत गेली.

गयासुद्दीन मशीनच्या लोखंडी पायावर बसला. वर पाहिलं. उठून त्यानं एक पातं खाली ओढलं आणि त्यावरून हात फिरवला, टोकापासून आत, आणि परत. कुठंच काही नव्हतं. आज या पात्यांखाली आपण किती वेळा वळलो, ते तो आत्ता मोजत असावा.

"जानराव," तो म्हणाला, "आत्ताच खोल."

"मॅनेजर येऊ दे. त्यायच्यासमोर—"

"तो आला की मले फोनवर जा म्हनन. मोठ्या साहेबानं दोन गोष्टी गोड बोलल्या की माह्यानं नाई म्हनवत नाई. मले माहीत हाय माहा सोभाव. तू आत्ताच खोल, म्हंजे मले हो म्हनताच येऊ नये."

जानरावानं आधी पुस्तक मांडीवर घेतलं. पात्यांच्या रकान्यात एक हजार सोळा लिहिलं, त्यापुढे "निदान" असं लिहिलं, आणि खाली सही केली. गयासुद्दीननं पुस्तक त्याच्याकडून घेऊन त्या सहीच्या शेजारी आपली केली. मग जानरावानं पेटीतून बोल्ट खोलायचे पाने काढले.

पातं उतरवायला माणसं कमी पडली. पंपाचा गडी, गयासुद्दीन, आणि खाली धरायला बाया. चतुराबाईनं विशाखेला पाठीशी बांधलं आणि टोकाकडची बाजू धरली. लांबच लांब, थंड, गुळगुळीत. भागीरथा म्हणाली, एवढंसं होय, मला वाटलं लई जड असेल, याच्यावर अख्खा माणूस उडतो का? पोत्यांवर त्यांनी ते बाळंतिणीला निजवावं तसं हळू ठेवलं. मग दुसरं.

"आता?" चतुराबाईनं विचारलं.

जानराव पेटीतून लोखंड कापायची करवत काढत होता. म्हणाला, काढलेलं पातं कापूनच टाकायचं असतं, नाहीतर कोणी ना कोणी पुन्हा बसवतं. इतकी चांगली वस्तू, भागीरथा हळहळली. तशी ती हळहळण्यासारखीच होती. त्याच्या पोटात तडा होता की नव्हता, ते आता कोणालाच कधी समजणार नव्हतं. कदाचित अजून शंभर तास सहज गेलं असतं. चतुराबाईच्या मनात ते येऊन गेलं, आणि माणिकबाई धुऱ्यावर उभी राहून आपल्या नऊ एकरांकडे पाहत होती तेही दिसलं. नवऱ्याची नोकरी बहुतेक जीप परत येताच जाणार होती.

तिनं दोन्ही हातांनी पातं दाबून धरलं. दुसऱ्या टोकाला गयासुद्दीन गुडघे टेकून बसला. करवत आधी घसरली, मग धरली, आणि कर्कश आवाज काढत आत जाऊ लागली. चांदीसारखा चुरा पोत्यावर पडत राहिला.

जानरावाचा हात भरून आला तेव्हा गयासुद्दीननं करवत घेतली. त्याचा भरून आला तेव्हा जानरावानं परत घेतली. रस्त्यावर जीपचा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला, कोणी वर पाहिलं नाही.

"दाबून धर," जानराव म्हणाला.

"धरलं हाय. तुमी कापा."

जीप धुऱ्यापाशी वळली. किसनराव ती उभी राहायच्या आतच उडी मारून हाका देत धावत निघाला, आणि तो पोत्यांपर्यंत पोचण्याआधी पात्याचे दोन तुकडे झाले. टोकाकडचा चतुराबाईच्या हातात राहिला.